तिका धांव जाय

चाळणीत तीळ अडकावेत तसं ते चित्र,
पिवळं, काट्यांच्या मधोमध.
महिनाभर मी न बघण्याचे सगळे प्रकार केले.

शिरोड्याहून धक्क्यापर्यंत चार किलोमीटर,
मग फेरीबोटीची रांग, एसी चालू, इंजिन चालू,
मग झुआरी, आणि पलीकडे राय,
जिथं मी दुसऱ्यांच्या काजूचे हिशेब लिहितो.
संध्याकाळी तेच, उलटं.
अकरा वर्षं ही ये-जा.
गाडी मात्र चार वर्षांची सोबत; तिचा मी तिसरा मालक.

परवा धक्क्याच्या चढणीवर
ॲक्सिलरेटर जमिनीला टेकला तरी ती ढिम्म.
पोदेरानं सायकलवरून भोंगा वाजवत
मला ओलांडलं.

कायतानचं गॅरेज बोरीला, फणसाखाली.
त्यानं लॅपटॉप लावला, ब्याऐंशी टक्के म्हणाला,
मग लॅपटॉपवर भरवसा नसल्यासारखी
ऑइलची काठी ओढून माझ्या नाकाखाली धरली.
डिझेल. ऑइलात डिझेल.
"किती वेळा तिनं जाळायला घेतलंय बघ.
आणि दर वेळी तुझं घर आलं."

तेव्हा आठवलं,
अंगणात किल्ली काढल्यावरही
पंखा कितीतरी वेळ घरघरत राहायचा,
आणि मी म्हणायचो, म्हातारी झाली.

नवा फिल्टर नव्वद हजार.
कायतान हात धुवायला गेला तेव्हा
त्याच्या हाताखालचा सगुण हळूच म्हणाला,
कापू, आतलं सगळं काढू,
रिकामा डबा परत वेल्ड करू,
कॉम्प्युटरला सांगू की सगळं ठीक आहे.
बारा हजार. कुणाला कळतंय?

हिशेबनीस आहे मी. नव्वदातून बारा
वजा करायला मला कागद लागत नाही.
अठ्ठ्याहत्तर हजार रात्रभर उशाशी बसून होते.

सकाळी फेरीबोटीत, माझ्या सायलेन्सरच्या
बरोबर मागे, तिसऱ्यांची पाटी घेऊन
एक बाई उकिडवी बसली होती.
तिच्या मांडीवर पोर, झोपलेलं, तोंड उघडं.
मी इंजिन बंद केलं.
तेवढंच. काही ठरवल्यासारखं वाटलं नाही.

कायतान म्हणाला, बरं, ऑइल बदलतो.
रविवारी टाकी अर्ध्याच्या वर भर,
आणि पात्रांव, तिका धांव जाय.
चौथा गिअर, काटा अडीच हजारावर,
पाय उचलायचा नाही,
मध्ये कुठं चहाला थांबायचं नाही.

सुलक्षा शेजारी बसली, मांडीवर थर्मास,
उघडायचा नाही असं ठरलेला.
मडगाव गेलं, कुंकळ्ळी, बाळ्ळी.
करमल घाटात गिअर खाली घेतला,
इंजिन ओरडू लागलं, आणि तिनं विचारलं,
"इथवर आपण शेवटचे कधी आलो होतो?"
मी म्हटलं, मला काट्याकडे बघू दे.
"काट्याकडेच बघतोस तू," ती म्हणाली,
आणि तिथून सुरू झालं.

काणकोणच्या अलीकडे वास आला,
तापल्या लोखंडाचा, भट्टीत काजूबी फुटावी तसा.
"जळतंय काहीतरी," ती म्हणाली.
"जळू दे."
तिनं काच खाली केली आणि मुद्द्यावर परत आली.

तिच्या भावाचं लग्न, मी न घेतलेली रजा,
फोंड्याचा फ्लॅट, माझी आई, तिची नोकरी,
आणि एक ऑगस्ट महिना, ज्याचं नाव
आम्ही घरात काढत नाही.
पैंगीण मागे पडलं तरी चालूच होतं.
एरवी इतक्यात फाटक येतं,
कुणीतरी उतरून ते उघडतं,
आणि बोलणं तसंच गाडीत राहतं.

पोळ्याच्या चेकनाक्यापाशी पाहिलं,
दिवा विझला होता.
कधी विझला, दोघांनाही ठाऊक नाही.

कडेला गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं,
थर्मास उघडला.
चहा तिनं आधी स्वतःला ओतला.

सोमवारी कायतानला फोन केला, खुशीत.
तो म्हणाला, काजळी गेली ती गेली.
तिची राख आतच राहते. राख जळत नाही.
मग थोडं थांबून,
पण अजून जागा आहे तिच्यात. दोनेक वर्षं तरी.